जबाबातलं मटण

शाहूपुरी, कोल्हापूर
रविवार, महाशिवरात्र

ती. अक्कास,

राजशेखरचा नमस्कार. मायन्यात हात जुन्या सवयीनं 'सौ.'कडं निघाला होता, वेळीच थांबवला.

इकडं सगळे बरे. प्रेरणाचे गुडघे दुखतात, गुळाचा बाजार पडलाय, म्हणजे नेहमीसारखंच. आज उपास. शाबू खाल्ला, पण तो प्रेरणानं असा वाढला की बाटलेल्या माणसाला प्रायश्चित्त देतेय. ते का, हे सांगायलाच हे पत्र. फोन करायचा नाही असं तू बजावलंयस, आणि घरी पाठवलं तर तुझे थोरले दीर बसलिंगाप्पा आधी वाचणार. म्हणून माझ्या वकील इरावतीबाई तुझ्या शाळेत येऊन तुझ्या हातात देतील.

वकील कशाला, म्हणशील.

मंगळवारी तुला कागल स्टँडच्या मागं सोडलं आणि परत निघालो. गोकुळ शिरगावच्या अलीकडं नाकाबंदी. हवालदारानं काच वाजवली.

"लायसन?"

"घरी राहिलंय."

त्यानं हातातल्या मशीनमध्ये नाव घातलं. "घरी कुठलं राहतंय? हितं तर रद्द दाखवतंय की ओ! कुठं निघालता पावणं?"

खरं उत्तर तोंडात होतं, ते गिळलं. समोर एका खानावळीचा बोर्ड होता.

"मटण खायला."

त्यानं माझ्या गळ्याकडं बघितलं. वरचं बटण उघडं होतं. "गळ्यात लिंग, आन् मटण?"

"मित्रानं बोलवलंय."

"म्हणजे मित्र खाणार आन् तुम्ही वास घेणार व्हय?"

नाक्यावरचे सगळे पोलीस हसले. लिहिणारा मात्र हसला नाही. त्यानं जबाबात लिहिलं, 'मटण खाणेकरिता जात असलेचे सांगतो.' गाडी पोलीस ठाण्यात गेली, मी रिक्षानं घरी आलो.

बातमी मार्केट यार्डात फिरली. रद्द लायसनवर गाडी चालवली, त्याबद्दल एकानं विचारलं असेल तर शपथ. मटणाबद्दल सगळे विचारतात. शेजारच्या अडत्यानं भर सौद्यात विचारलं, "शेठ, तांबडा का पांढरा?" मठातनं निरोप आला, स्वामीजींना भेटून जा. प्रेरणा दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "किती वर्षं चाललंय हे?" मी म्हटलं, पहिलीच वेळ. सापडलेले सगळे असंच म्हणतात, हे तिला टीव्हीमुळं माहीत आहे.

मला कशाचंच काही वाटलं नाही. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर ओठ जसा दुसऱ्याचा होतो, तसं दोन वर्षं चाललंय.

इरावतीबाईंनी कायदा सांगितला. दंड, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत आत, नाहीतर दोन्ही. "एरवी दंडावर भागतं. पण तुमचं लायसन का रद्द झालं, हे सरकारी वकील वाचून दाखवणार." मला कुणी वाचून दाखवायला नको. निपाणीच्या लग्नाहून येताना उसाची ट्रॉली, शेजारच्या सीटवर भाऊजी, स्टेअरिंगवर मी, आणि माझा डोळा लागलेला. भाऊजी गेले. तुझ्या घरात माझं नाव निघत नाही, त्यात मला काही वावगं दिसत नाही.

"खरं सांगा," त्या म्हणाल्या. "मटणावर मी बचाव कसा करू? अशिलाचं गुपित मला बाहेर फोडता येत नाही."

म्हणून त्यांना, एकट्या त्यांना, सांगितलं. दोन वर्षांनी तुझा फोन आला. मिरजेच्या हॉस्पिटलात गाठीचा तुकडा तपासायला काढायचा होता, सोबत घरचं माणूस हवं होतं. कागलात भाड्याची गाडी सांगितली तर गाडीच्या आधी बातमी बसलिंगाप्पांकडं पोचते. त्यांनी विद्याश्रीचं लग्न जुळवलंय, आणि मुलीच्या आईला असलं काही आहे म्हटल्यावर सोयरे मागं फिरतील. लायसनचं तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही.

बाईंनी चष्मा काढला. "मग झालं की! हॉस्पिटलचे कागद लावू, अक्कांना साक्षीला उभं करू. आजारी बहिणीसाठी गेला म्हटल्यावर कोर्टसुद्धा ऐकून घेतं."

"नको."

"आत जायची हौस आहे?"

"नाही. पण ती कोर्टात दुपारी बोलली की संध्याकाळी बसलिंगाप्पांना कळतंय."

"माझ्या उभ्या वकिलीत मटणापायी आत जाणारे पहिले लिंगायत तुम्ही," म्हणाल्या आणि फाईल मिटली.

तेव्हा शुक्रवारी कोर्टात मी गुन्हा कबूल करणार. तीन महिने मिळाले तर लग्नाला मामा बोलवायचा की नाही, हा तुमच्याकडचा वादही मिटेल.

हे उपकार समजू नकोस. मिरजेहून येताना अख्ख्या वाटेत तू एकच वाक्य बोललीस. "काय निघालं तरी लग्न झाल्यावर बघू." ते ऐकून गाडी कडेला घ्यावी वाटलं, पण तू काहीतरी विचारशील म्हणून घेतली नाही. लग्न वैशाखात आहे, अक्का. गाठीला कुणी तिथी सांगितलेली नाही.

बुधवारी रिपोर्ट मिळणार. माझी गाडी अडकलीय, म्हणून इरावतीबाई त्यांची घेऊन येतील. त्यांच्याकडं लायसनही आहे. अर्धी रजा टाक, साड्या बघायला जाते म्हणून सांग. रिपोर्ट घे, आणि वाईट निघाला तर डॉक्टर देतील ती पहिली तारीख घे. लग्नाच्या आधीची.

गेलीस, तर कोर्टात मी जबाबाला चिकटून राहतो. नाही गेलीस, तर शुक्रवारी हॉस्पिटलचे कागद लावतो आणि तुझं नाव मोठ्यानं घेतो. बसलिंगाप्पांना कळू दे, सोयऱ्यांना कळू दे. लग्न मोडलं तर विद्याश्रीला दुसरं स्थळ मिळेल.

तू पुन्हा दोन वर्षं बोलणार नाहीस, हे धरून चाललोय. पण बोलायचं नाही म्हणायला तरी तू असली पाहिजेस.

बुधवारी अकरा वाजता.

तू नको म्हटलंस तरी तुझाच धाकटा,
राजशेखर