बाहेर वारा आहे का?

गेरा, १४ मे २०२४

प्रिय हाइको,

तुझं ईस्टरचं कार्ड मिळालं. तुझ्या छोट्या लिवने काढलेला ससा मी फ्रिजवर लावलाय. नॉर्वेतल्या सशांना एक पाय जास्त असतो का, विचार तिला.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण कामाला नाही म्हणत नाही. खालच्या ग्योट्झेबाई जिन्यातल्या बुटांवरून अजून भांडतात. परवा म्हणाल्या, "वकील असाल कोर्टात, जिन्यात नाही!" आई असती तर दोन दिवस हसत बसली असती.

काम तेच. परदेशातून इथल्या कारखान्यांवर आलेल्या मॅनेजरांना आपले जर्मन कामगार कायदे शिकवायचे. जंगलातलं ते हॉटेल, तीच खोली, तीच पाणचट कॉफी. मी सांगते, माणसाला कामावरून काढायचं तर ईमेल चालत नाही, मोबाइलवरचा निरोप चालत नाही. कागद लागतो, त्यावर शाईची सही लागते, आणि त्याआधी कामगारांनीच निवडून दिलेल्या कामगार मंडळाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. तेवढं चुकलं तर सगळंच रद्द.

या वेळी अमेरिकेतल्या टेनेसीहून आलेली एक बाई होती, लोरेटा हॅस्किन. इथून तासाभरावर रबराच्या सीलचा कारखाना आहे, तिथली नवी प्रमुख. ठेंगणी, बोलायला तिखट. मला म्हणाली, "आमच्याकडे एका वाक्यात काम होतं. तुम्ही तर घटस्फोटाला लागत नाही एवढा व्याप मांडता!"

"घटस्फोटच असतो तो," मी म्हटलं.

"मग तुमच्याकडचे नवरे निर्धास्त असतील," ती म्हणाली, आणि सगळा वर्ग हसला.

हे सगळं मी का लिहितेय? कारण पुढचं लिहायचं टाळतेय. लिहिते.

दुपारी आम्ही सराव घेतो. एग्बर्ट नाउमान म्हणून एक निवृत्त नट आहे, मूळचा हॅम्बुर्गचा. नोकरी जाणाऱ्या माणसाचं सोंग तो घेतो. मॅनेजर समोर बसून त्याच्या हातात नोटीस देतात आणि तो कधी चिडतो, कधी रडतो, कधी नुसता गप्प बसतो. वर्षानुवर्षं तो हे करतोय. सगळं इंग्रजीत चालतं. लोरेटाचा नंबर आला. तिने नीट, मी शिकवलं तसं सांगितलं आणि कागद पुढे केला.

एग्बर्टने तो घेतला आणि तळहातावर ठेवून जरा वर-खाली केला, भाजीवाला वजनाचा अंदाज घेतो तसा. मग बोलला. इंग्रजीत नाही, जर्मनमध्ये. आणि हॅम्बुर्गच्या नाही, आपल्या गावच्या बोलीत, शब्दांची शेपटं गिळून.

"हलका आहे की. मला वाटलं होतं जड असेल."

हाइको, माझ्या हातातला खडू खाली पडला.

त्याने खिडकीकडे पाहिलं. "बाहेर वारा आहे का?" आणि थोड्या वेळाने, कोणीतरी उत्तर दिल्यासारखी मान हलवून, "मग टोपी राहू दे इथेच."

एग्बर्टला टक्कल आहे आणि तो टोपी घालत नाही. तो उठला आणि दाराकडे चालायला लागला. चालसुद्धा त्याची नव्हती. डावा पाय जरासा ओढत.

मी ओरडले. "धरा त्याला! जाऊ देऊ नका!" इंग्रजीत ओरडले असेन, कारण लोरेटा खुर्ची पाडून धावली आणि तिने त्याचा दंड दोन्ही हातांनी पकडला. तो थांबला. डोळ्यांची उघडझाप केली. "काय झालं आन्त्येबाई?" म्हणाला, आपल्या नेहमीच्या आवाजात. "मी चुकलो का कुठे?"

वर्ग हसला. त्यांना वाटलं हा धड्याचाच भाग आहे. मीही हसले, काय करणार?

नंतर मी त्याला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, "तुमच्या कागदावर होतं तेवढंच बोललो. किती महिन्यांचा पगार मिळेल, ते." वर्गात एक कोरियन गृहस्थ पुढच्याच खुर्चीवर होते, त्यांनाही विचारलं. त्यांनीही पगाराचंच ऐकलं होतं. टोपी? कसली टोपी?

पण लोरेटा संध्याकाळी माझ्याजवळ आली. तिला जर्मनचं अक्षर येत नाही. तिने ते आवाज जसेच्या तसे म्हणून दाखवले, लहान मूल गाणं म्हणतं तसे. "याचा अर्थ काय?" मी अर्थ सांगितला. कुणाची वाक्यं ते नाही सांगितलं. नाटकातलं काहीतरी असेल, म्हटलं.

तुला ती वाक्यं ओळखू येतील. मी त्यावर आणखी काही लिहीत नाही आणि तुला काही विचारतही नाही. फक्त एकटीने हे जवळ ठेवायला मला भीती वाटली.

लिवला पापा.

तुझी
आन्त्ये


गेरा, २३ जून २०२४

प्रिय हाइको,

तू उत्तर दिलं नाहीस. मी वाट पाहत नव्हते असं म्हटलं तर खोटं होईल, पण रागावलेही नाही. एवढ्या वर्षांत आपण त्या दिवसाबद्दल एक शब्द बोललो नाही, तर तो एका पत्राने कसा निघणार? पण आता हे तुला ऐकावं लागेल. उभा असशील तर बस.

गेल्या आठवड्यात लोरेटा माझ्या ऑफिसात आली. फोन नाही, काही नाही, थेट दारात. तिचा तो तिखटपणा कुठे गेला होता कोण जाणे. खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "आन्त्ये, तो माणूस खरंच आला."

तिच्या कारखान्यात एक विभाग बंद होतोय. सगळं कायद्याने झालं. कामगार मंडळाचं म्हणणं ऐकलं, वय पाहिलं, नोकरीची वर्षं, घरची माणसं, सगळं. यादीत उडो क्रेल नावाचा माल चढवणारा एक जण होता. एकटा, अबोल. लोरेटाने त्याला बोलावलं, दुभाषी शेजारी बसवली आणि नोटीस हातात दिली.

"त्याने कागद तळहातावर ठेवला," ती म्हणाली. "आणि तेच बोलला. मला अर्थ कळायच्या आत आवाज कळले, अगं! तेच सूर. मग त्याने खिडकीकडे पाहिलं. दुभाषीने काहीच सांगितलं नाही. मी तिच्याकडे बघितलं तर ती म्हणते, 'ते फक्त बरं म्हणाले.' पण मी पुढचं ऐकत होते. टोपीचं. आणि तो उठला तेव्हा तुझं ओरडणं माझ्या कानात आलं. मी टेबलावरून... खरंच सांगते, टेबलावरून गेले आणि त्याचा दंड धरला."

"मग?"

"मग काय! तो म्हणतो सोडा, मी म्हणते नाही. सगळ्या ऑफिसासमोर. मला वाटलं, आता हाच माझ्यावर कोर्टात केस घालणार. आणि मग तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागला. एवढा उंच माणूस, मी ही एवढीशी!"

ती त्याच्याबरोबर दवाखान्यात गेली. डॉक्टरांना त्याने सांगितलं की तो धरणावर निघाला होता. आपल्याच धरणावर, हाइको. भिंतीवरून उडी घ्यायला.

लोरेटाने मला विचारलं, "ती वाक्यं कुणाची आहेत? आता तरी सांग." आणि मी सांगितलं. आई सोडली तर आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या बाबांची, म्हटलं. गालिच्यांची गिरणी बंद झाली त्या वर्षी नोटीस घेऊन ते घरी आले आणि स्वयंपाकघरात ही वाक्यं बोलून धरणावर गेले. आई पुढे आयुष्यभर सगळ्यांना सांगत राहिली की धरणाच्या भिंतीवर शेवाळ होतं, पाय घसरला. ती तसं म्हणाली म्हणून आपणही तसंच म्हणत आलो.

 लोरेटाने नुसता माझा हात धरला. तिची पकड घट्ट आहे, क्रेलचं काय झालं असेल ते कळलं.

मी क्रेलला भेटायला दवाखान्यात गेले. जायला नको होतं बहुतेक, पण गेले. बागेतल्या बाकावर बसला होता, दवाखान्याचा झगा आणि वर स्वतःचं जाकीट. आपल्या पलीकडच्या गावचा. बोली आपलीच. बाबांना तो ओळखत नव्हता, गिरणीत कधी पाऊल टाकलं नव्हतं. मी त्याला ती वाक्यं विचारली.

"मी?" तो म्हणाला. "छे हो बाई. माझ्या तोंडातून 'बरं' एवढंच निघालं. धरणाचं तर त्या खुर्चीत बसल्या बसल्या मनात आलं. ते त्या अमेरिकनबाईला कसं कळलं, याचाच मी विचार करतोय. तुम्हाला माहीत आहे का?"

मी नाही म्हटलं. 

मग मी त्याला एक गोष्ट विचारली, आणि ती तुझ्यासाठी विचारली. "समजा," म्हटलं, "तुम्ही निघताना वाऱ्याचं विचारलं असतं. आणि समोर एखादं लहान मूल असतं. ते म्हणालं असतं, हो, आहे वारा. तर?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, वेडी समजतोय. पण त्याने नीट विचार केला आणि मगच बोलला.

"वाऱ्याचं काय घेऊन बसलात? मी निघालोच होतो. त्या पोराने हो म्हटलं असतं काय न् नाही म्हटलं असतं काय. पण उत्तर दिलं असतं, तर जाता जाता एवढं तरी वाटलं असतं की कुणीतरी शेवटी माझ्याशी सरळ बोललं."

हाइको, त्या दिवशी मी दाराआड होते. अभ्यासाची वही घेऊन आत यायला निघाले होते आणि बाबांचा आवाज ऐकून तिथेच थांबले. त्यांनी तुला विचारलं आणि तू म्हणालास, "हो बाबा, खूप आहे." त्यांनी टोपी तुझ्या डोक्यावर ठेवली. ती तुझ्या नाकापर्यंत आली आणि तू हसलास. तू नऊ वर्षांचा होतास. तुला वाटतं हे कुणालाच माहीत नाही. तू शाळा संपताच घर सोडलंस, मग देश सोडलास, आईच्या अंत्यविधीलाही दोन तासांपुरता आलास, तेव्हा दर वेळी मला कळत होतं तू कशापासून पळतोयस. पण मी बोलले तर तुला कळेल की मी ऐकलंय, आणि मग तू माझ्यापासूनही पळशील, असं वाटायचं.

तू त्यांना फक्त हवा कशी आहे ते सांगितलंस. खरं सांगितलंस. त्या दिवशी खरंच खूप वारा होता.

क्रेलला पुढच्या महिन्यात घरी सोडतील. लोरेटाला त्याची नोटीस मागे घ्यायचीय. मी सांगितलं की एकदा हातात दिलेली नोटीस एकतर्फी मागे घेता येत नाही, क्रेलनेही मान्य करायला हवं. तर म्हणाली, "मग मान्य करवून घेते. त्याच्या दारात जाऊन बसते." बसेलही ती.

एग्बर्ट पुढच्या वर्गाला येतो म्हणालाय. मी त्याला नाही म्हणणार होते, पण म्हटलं नाही. बाबा पुन्हा काही बोलणार असतील, तर ऐकायला कुणी असावं ना?

ऑगस्टमध्ये मला सुट्टी आहे. मी तुझ्या बर्गेनचं तिकीट काढलंय. उत्तर दे किंवा नको देऊस, मी येतेय. दारात उभी राहीन, आत घ्यायचं की नाही ते तू ठरव. काही बोलायलाच हवं असं नाही.

तुझी,
त्या घरात तुझ्यासारखीच एकटी वाढलेली,
आन्त्ये