दक्षिणेकडे तोंड करून

अण्णा, मी एकटी ल्युब्लियानाला जाऊन आले. स्लोव्हेनियाची राजधानी. तुम्ही विचारली असतीत तर मला आली नसती, कारण तुमच्या वर्गातल्या त्या कापडी नकाशात स्लोव्हेनिया नावाचा देशच नव्हता. तिथे एक भलाथोरला युगोस्लाव्हिया होता आणि त्याची राजधानी बेलग्रेड. पुढे तो देश मोडला, तरी तुम्ही नकाशा काही बदलला नाहीत. म्हणून तर मी हे शहर निवडलं. पॅरिस, रोम, व्हिएन्ना, जिथे जावं तिथे तुम्ही आधीच छडी घेऊन उभे असता. मला एक तरी राजधानी अशी हवी होती, जी तुम्ही माझ्याकडून पाठ करून घेतलेली नाही.

तुम्ही राजधान्या जेवताना विचारायचात. आमटीभात कालवता कालवता "पश्चिम जर्मनी?" आणि मी "बॉन". दादा अडखळायचा, मी नाही. तरी शाळेची सहल निघाली की तुमच्याबरोबर एसटीत दादा चढायचा आणि मी घरी. एकदाच विचारलं, मला का नाही? तुम्ही ताटातून वर न बघता म्हणालात, "तुला कुठं जायचंय? पाठ आहे ना सगळं, बास झालं." पोळी वाढता वाढता आईचा हात थांबलेला मला अजून दिसतो. त्या वाक्याचा राग अजून जात नाही, आणि तो घालवायचा माझा विचारही नाही. पानं मांडतानासुद्धा तुमचा भूगोल सुटत नसे. आम्ही दोघांनी पूर्वेकडे तोंड करून बसायचं, दक्षिणेकडे कधीच नाही. तुम्ही स्वतः मात्र खुशाल दक्षिणेकडे तोंड करून जेवायचात. का, म्हटलं तर, "माझं चालतं." घरातले सगळे नियम असेच, आम्हाला लागू आणि तुम्हाला माफ.

मी जर्मनीत राहते हेही तुम्हाला माहीत नाही. नेकारसुल्मला, मोटारींच्या कारखान्यात इंजिनीअर आहे. बॉन आता राजधानी राहिलेली नाही, तेव्हा ते उत्तर चूक धरा. ल्युब्लियानाचं ठरवलं तेव्हा तुमचाच प्रश्न घरात दुसऱ्या तोंडांतून आला. नवरा म्हणाला, "अगं, थोडं थांब ना, मीपण उर्लाउब टाकतो. एकटी काय करणार तिथं?" मी म्हटलं, सुट्टी माझी आहे, ती मीच घेणार. लेकीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच. तिने डोळे मोठे केले, "गान्झ आलाइन?" अगदी एकटी? "गेनाऊ," अगदी बरोबर, मी म्हटलं आणि बॅग भरायला घेतली. म्युनिकला गाडी बदलली आणि पुढचे सगळे डोंगर खिडकीशी बसून एकटीने बघितले, कुणाला दाखवायचं नाही, कुणाला खायला काढून द्यायचं नाही. फार मजा आली, अण्णा.

दुसऱ्या दिवशी किल्ला चढून, पुलावरचे ड्रॅगनचे पुतळे बघून भर दुपारी नदीकाठी जेवायला गेले. वेटरने माझं जर्मन ऐकून जर्मनमध्येच विचारलं, "आलाइन?" "हो," मी म्हटलं, "आलाइन." त्याने काठावरचं छोटं टेबल दिलं. ऊन थेट डोळ्यांवर येत होतं. तो म्हणाला, खुर्ची फिरवून देतो. मी नको म्हटलं, कारण तेवढ्यात लक्षात आलं होतं. युरोपात भर दुपारचा सूर्य नेहमी दक्षिणेला, हे तुम्हीच शिकवलेलं. म्हणजे मी दक्षिणेकडे तोंड करून बसले होते. बरंच झालं. मशरूमचं सूप आलं, मी चमचा भरला आणि मनात म्हटलं, बघा अण्णा, कशी जेवतेय ती.

आणि मग आठवलं. तुम्ही गेल्यावर आत्या दादाला म्हणाली होती, "आता तू कुठंही तोंड करून बसलास तरी चालतं रे." ज्याचे वडील आहेत त्याने दक्षिणेकडे तोंड करून जेवायचं नाही, एवढाच तो नियम. आजोबा नव्हते, म्हणून तुमचं चालायचं. म्हणजे मी काहीच मोडत नव्हते. माझंही आता चालत होतं. रडू आलं नाही, राग आला. ही सवलत मी मागितली नव्हती आणि मला ती नको होती.

एकटीने फिरण्याबाबत मी तुमचं ऐकणार नाही. पुढच्या वर्षी पोडगोरिकाला जाणार आहे, तीही तुमच्या नकाशात राजधानी नव्हती. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, इथेच स्वयंपाकघरात डब्यांमागे राहील. फक्त एक सांगायचं राहिलं. मी भरलेला चमचा परत वाडग्यात ठेवला, उठले, खुर्ची उचलून पूर्वेकडे वळवली आणि मगच जेवले.