वादळीच्या हातातला चूडा

५ जानेवारी १९६४, फुलसावंगी

गेली एकदाची चित्रं. सकाळच्या एस.टी.त कंडक्टरच्या हाती पुडकं दिलं. यवतमाळला छापखान्याचे नानाजी स्टँडवर माणूस पाठवणार आहेत. मुलांसाठी चित्रकथेची पुस्तिका, नायिका वादळी. अंगात दहा बैलांचं बळ, रानात एकटी राहते, वाटमाऱ्यांना उचलून नदीत फेकते. सगळे भीम नि मारुती काढतात, मी बाई काढली. हेडमास्तर म्हणाले, ड्रॉइंगच्या बाईंना रिकामा वेळ फार. असू दे.

वादळी म्हणजे आमची गोमली, शेजारच्या लमाण तांड्यावरची. मागे बाजाराच्या दिवशी सरकीची गाडी नाल्यात रुतली. बाप्ये काठावरून नुसते हुकूम सोडत होते. हिनं घागरा खोचला, आसाखाली खांदा दिला नि गाडी वर. तेव्हाच मनात बसली. चित्रासाठी बसायला मात्र तयार नव्हती. शेवटी म्हणाली, "काढा बाई, पन हाये तशी काढा. मले उगी गोरीपान करू नका." शब्द दिला.

२२ जाने.

नानाजींचं कार्ड. गोष्ट पसंत. ‘चित्रांवरून आमचे पेंटर जरा हात फिरवतील, छपाईचे ब्लॉक करायला सोपं जातं.’ हात फिरवतील म्हणजे रेघा ठळक करतील, दुसरं काय.

आज फार खूष. शाळेत कुणाला रागावले नाही.

९ फेब्रु., रविवार

पुस्तिका आली. मला वाटलं चुकून दुसऱ्याच कुणाची पाठवली. वर नाव माझं.

चेहरा गोमलीचा. हनुवटीवरचं गोंदण, कानशिलावरचे चांदीचे दागिने, जसंच्या तसं. मानेखाली कोण आहे ते देव जाणे. कंबर माझ्या मनगटाएवढी. छातीवर दोन पालथ्या घागरी. घागरा मांडीपर्यंत फाटका, आणि फाटलेला कुठे, तर नेमका पाहिजे तिथे. गाडी उचलते ती एका बोटावर, चवड्यांवर उभी राहून. पाठ आणि छाती दोन्ही एकाच वेळी आपल्याकडे! वाटमारे मात्र गळ्यापर्यंत बटणं लावून, पायात बूट घालून आलेले.

दंडही उघडे. खांद्यापर्यंतच्या पांढऱ्या बांगड्या मी एकेक करून रेखाटल्या होत्या. सगळ्या पुसल्या. नितळ दंड हवा असेल मेल्याला.

१० फेब्रु.

आरशापुढे तसं उभं राहून पाहिलं. पाठ इकडे, छाती इकडे, चवड्यांवर. पाठीत उसण भरली. विटेनं शेकते आहे. त्या अवतारात गाडी सोडा, पाण्याची कळशीसुद्धा उचलणार नाही.

त्या पेंटरचं नाव इथं लिहायचं नाही, वही बाटेल. यापुढे तो पें.

१३ फेब्रु., बाजार

गोमलीनं पाहिलं. बाजारात चिवड्याच्या दुकानावर दोरीला टांगलेली होती पुस्तिका. मला वाटलं कंबर पाहून चिडेल, मांडी पाहून चिडेल. तिचं बोट सरळ दंडावर गेलं.

"माहा चूडा कोठी गेला?"

म्हटलं, तिथल्या पेंटरनं काढून टाकला. म्हणाली, "काहून? माहा मानूस जित्ता हाये."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कोपराच्या वरचा पांढरा चूडा यांच्यात सवाष्णीचा. तो उतरतो नवरा गेल्यावरच. तिचा रूपला वणीकडे कोळशाच्या ट्रकांवर कामाला गेलेला आहे आणि इथं चिवड्याच्या दुकानावर त्याच्या बायकोला विधवा करून टांगलं आहे. म्हणाली, सासूनं पाहिलं तर घरात घेणार नाही. माझ्याकडे चहा न घेता गेली. पहिल्यांदाच.

दुकानदाराकडून सगळ्या प्रती विकत घेतल्या नि चुलीत घातल्या. तरी गावात फिरायच्या त्या फिरल्याच.

१५ फेब्रु.

सहावीतली सुमन प्रार्थनेला घेरी येऊन पडली. परकराखाली लुगड्याची पट्टी गच्च आवळून बांधलेली, श्वास घ्यायला जागा नाही. सोडली तर पोटावर वळ. "वादळीची कंबर करून राह्यली होती बाई," म्हणाली.

माझ्या नावावर हेसुद्धा.

१६ फेब्रु., यवतमाळ

छापखान्यात गेले. नानाजी (ना.) गोड बोलतात, खुर्ची देतात, ऐकत काही नाहीत. पें. पहिल्यांदा पाहिला. पांढरी पँट, केसांना तेल, डाव्या हातानं काम करतो. मी टेबलावर पुस्तिका आपटली. पें. म्हणाला, चेहरा छान होता म्हणून ठेवला, बाकी जरा सुधारलं. सुधारलं!

मी विचारलं, तुमच्या घरी अशा अंगाची बाई आहे का. तो लाजला. ना. म्हणाले, "बाई, पुस्तक पोरांचं असते, पन पैसा बापाच्या खिशातून येते." आणि दोघं हसले. ते हसू मी जपून ठेवणार आहे.

चूड्याचं सांगितलं. पें. म्हणे, एवढ्याशा बांगड्या, कोण बघतो.

परतीच्या एस.टी.त पुढच्या भागाचं कच्चं चित्र काढलं. वाटमाऱ्यांच्या म्होरक्याला पें.चं तोंड दिलं.

२५ फेब्रु.

वाईट झालं. रूपलाला वणीहून ट्रकमध्ये घालून आणलं. पाय चाकाखाली सापडला. जिवाला धोका नाही, पण घोट्याचं हाड गेलं आहे. सासूनं छाती बडवून घेतली की चित्रात चूडा उतरवला, म्हणून पोराच्या पायापासून सुरुवात झाली. गोमलीला बाहेर काढलं. लेक ठेवून घेतली. गोमली तांड्याच्या टोकाला भावाच्या झोपडीत आहे. रूपला खाटेवर पडून आहे, आईपुढे त्याचं कधीच चाललं नाही.

गोमलीला भेटायला गेले तर तिनं तोंड फिरवलं. गाडी उचलणारी बाई नुसती भिंतीकडे पाहत बसली होती. पें.चा हात खलबत्त्यात घालावा असं वाटतं. खरंच वाटतं.

१ मार्च, रविवार

तांड्याच्या नाइकांकडे गेले. म्हातारे आहेत, सगळं ऐकून घेतलं. म्हटलं, मी पुन्हा काढते, चूडा घालून, साऱ्यांसमोर. नाइकांनी नकारार्थी मान हलवली.

"ज्या हातानं उतरोला, त्याच हातानं चढवा लागते बाई. साऱ्या तांड्यासमोर. मंग बुढी घेईन तिले घरात."

सासूही तिथंच खाटेवर बसली होती, म्हणाली, घेईन. मग नाईकच म्हणाले, पण तो शहरातला माणूस, तो कायले येईन इथं.

येईल. कसा येईल ते घरी येता येता सुचलं.

८ मार्च

नानाजींना पत्र. इतकं गोड मी आईलाही लिहिलं नव्हतं. झालं गेलं विसरून जाऊ. आमच्याकडच्या तांड्याची होळी पाहण्यासारखी असते. गाणी, बायकांचा नाच, बकऱ्याचं जेवण. पेंटरसाहेबांना प्रत्यक्ष पाहून चित्रं काढता येतील, त्यांच्या कलेला न्याय मिळेल.

त्या दिवशी तिथं बायकांच्या हातात काठ्या असतात, तेवढं लिहायचं राहिलं. राहू दे.

१९ मार्च

पें. येतो आहे! धुळवडीच्या सकाळच्या गाडीनं. लिहितो, ‘बायका नाचतात ना नक्की?’

गोमलीकडे धावत गेले. आता बोलते थोडं. तिला सांगितलं, तो डाव्या हातानं काढतो, लक्षात ठेव. ती म्हणाली, "हात मोडला तं चूडा कोन काढीन बाई?"

हे मला सुचलंच नव्हतं. तिचं घर गेलंय, तरी डोकं तिचं ठिकाणावर आहे. माझं नाही. पटलं, पण राग उतरत नाही.

२८ मार्च, धुळवड

सगळं लिहून ठेवते, विसरायचं नाही.

पें. आला. तीच पांढरी पँट, काखेत कागदांचं पॅड. तांड्याच्या मध्ये खुंटा रोवलेला, त्याला गोडाची हंडी. भोवती बायका काठ्या घेऊन राखणीला. बाप्ये हंडी पळवायला धावतात, बायका झोडपतात, बाप्यानं उलट हात उचलायचा नाही. जो सापडेल त्यानं फगवा, म्हणजे होळीची बक्षिसी, दिल्याशिवाय सुटका नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. पें.ला नव्हतं. मी म्हटलं, खुंट्याजवळून चांगलं दिसतं, अगदी जवळ जा. गेला.

पहिली काठी गोमलीची. पाठीवर, मग मांडीवर. मग बाकीच्या. तो आधी हसला, मग ओरडला, मग माझ्या नावानं ओरडला. मी पदरानं घाम पुसत होते. खोटं कशाला लिहू, नंतर मीही एक हाणली, पोटरीवर. डाव्या हाताला कुणी शिवलं नाही. गोमलीनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

खाली बसला नि खिशातून पाकीट काढलं. गोमली म्हणाली, "पैसे नोको. माहा चूडा दे."

त्याला कळेना. मी शुद्ध भाषेत, सावकाश, वर्गात समजावते तसं समजावलं. मातीत बसून त्यानं पॅड उघडलं. समोर नाईक, सासू, खाटेवर रूपला, मागे सारा तांडा. पहिले हात काढले काडीसारखे. सासूनं पाहिलं, म्हणाली, "हे माह्या सुनेचे हात नाई." पुन्हा काढले. पुन्हा नाही. मग गोमलीनं चूड्यासकट दंड त्याच्या नाकासमोर धरला. "पाहून काढ."

तेव्हा तो पहिल्यांदा पाहत होता. मी त्याच्या तोंडाकडेच बघत होते. या माणसानं आजवर बाईचा दंड नीट पाहिलेलाच नव्हता. काढला मग. जाड, गच्च, कोपरापासून खांद्यापर्यंत चूड्यानं भरलेला. चांगला काढला. हात आहे मेल्याला, हेच तर जास्त झोंबतं.

सासूनं कागद घेतला, रूपलाच्या उशाशी ठेवला नि गोमलीला म्हणाली, चाल. लेक पळत येऊन बिलगली. गोमली घरी गेली.

पें.ला बकऱ्याचं जेवण वाढलं. उभ्यानं जेवला.

मला शांत वाटायला हवं होतं. माझी एक काठी पुरली नाही.

३१ मार्च

ना.चं कार्ड. पें.ला ताप आहे. पुढच्या भागात चूड्याचं ते जातीनं लक्ष ठेवतील. उलट टपाली लिहिलं: नुसता चूडा नाही. अंग माझ्या चित्रातलं हवं, नाहीतर माझं नाव काढा. सोबत पुढच्या भागाची चित्रं नीट काढून पाठवली. सुमनचंही लिहिलं. 

२६ एप्रिल, रविवार

दुसरा भाग आला. गोमली आंबे घेऊन आली होती, दोघींनी मिळून पुडकं सोडलं.

चूडा आहे. एकही बांगडी चुकलेली नाही. दंड गोमलीचे, अगदी तिचेच. त्या दंडांखाली मुठीत मावेल अशी कंबर, आणि तीच पाठ, तीच छाती, दोन्ही आपल्याकडे. दोऱ्याला दोन मुसळं बांधल्यासारखी दिसते. माझं नाव गेल्या वेळेपेक्षा मोठ्या अक्षरात. म्होरक्याला पें.चं तोंड दिलं होतं, ते त्यानं ओळखलंसुद्धा नाही. कोट मात्र झकास शिवलाय त्याला.

उद्या हे सुमनच्या हातात पडेल.

गोमली आधी हसली, मग हसायची थांबली. "हात माहे हायेत. कंबर कोनाची आनली यानं?"

मी म्हटलं, होळीला आता वर्ष आहे.

तिनं विचार केला. "पोळ्याले येते का तो?"

पोळ्याला बायकांच्या हातात काठ्या नसतात, म्हटलं. म्हणाली, त्याले कोठी मालूम हाये.

कोरं कार्ड काढलं आहे. ‘प्रिय पेंटरसाहेब’ इथवर झालं. गोमली समोर आंबा चोखत बसली आहे. म्हणते, "बाई, गोड लिवा."