दिव्याला लागलेला हात

वेल्हे, ५ नोव्हेंबर १९९८

प्रिय रत्ना,

पत्र बघून चकित होशील. किराण्याची यादीसुद्धा तुझ्याकडून लिहून घेणारा नवरा आज दोन कागद फाडून तिसऱ्यावर आलाय. वरव्याला सगळी बरी असतील. तुझी काळी शेळी व्याली, दोन पाठी झाल्यात.

आपल्या फियाटनं माझं डोकं फिरवलंय बघ. नवे हॅलोजन बल्ब टाकले की आठ-दहा दिवसांत उडालेच. वायरी बघितल्या, बॅटरी बघितली, काय कळंना. दसऱ्याला तू गाडी पुजून दिव्यांच्या काचांना कुंकू लावलंस आणि चौथ्या दिवशी दोन्ही दिवे गेले. सोजराआत्या म्हणाली, हात कुणाचा लागला बघा. आणि मी येडा, तिच्यापुढंच तुला बोललो, तुझ्या हाताला यश न्हाई. तू पिशवी भरलीस आणि एसटी धरलीस. दिवाळीसुद्धा माहेरीच केलीस.

मग मी कुंकू पुसलं, नवी जोडी आणली, स्वतः बसवली. तू नाहीस, कुंकू नाही, तरी नवव्या दिवशी दिवे बंद! आता दोष द्यावा तरी कुणाला? दोन दिवस नुसता बॉनेट उघडून बघत बसलो.

शेवटी काल शिवऱ्याच्या इस्माईल मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी नवा बल्ब देऊन बसव म्हटलं आणि मी हातात धरला तसे ओरडलेच. काचेला बोट लावायचं नसतं म्हणे, बोटाचं तेल तापतं आणि बल्ब जातो. मग माझा हात हुंगून जे हसत सुटले! रोज डोक्याला वाटीभर तेल चोपडायचं आणि त्याच हातानं बल्ब बसवायचे, हा माझा धंदा. त्या तेलावरनं तू किती चिडवायचीस गं. तुझं कुंकू बाहेरच्या काचेला. बल्बला तुझा हात कधी लागलाच न्हाई.

आत्याला सगळं सांगितलं. तुला कुठल्या तोंडानं सांगावं ते मात्र मला अजून कळत नाही. तुझ्यावाचून लई जड जातंय. रविवारी सकाळी गाडी घेऊन वरव्याला येतो. काचा पुसल्यात, कुंकवाची डबी पुढं ठेवलीय. तू दिव्यांना कुंकू लावायला अंगणात आलीस तर मी समजेन. नाही आलीस तर माघारी वळेन, पण यश नसलेला हात माझाच होता, हे तुझ्या आई-दादांपुढं मोठ्यानं सांगूनच.

तुझाच तेलकट,
सोमेश्वर