शिवथर वाटेत लागते

ता. ७ जुलै १९३४, शनिवार
सौ. लावणीसाठी माहेरी शिवथरला गेली, त्याला आठवडा झाला. जाताना म्हणाली, तुम्हीही दोन दिवस या, माणसं कमी आहेत. महाडच्या कचेरीतला कारकून गुडघाभर चिखलात वाकणार! तिचे वडील गोमाजी यांना जावई आणि रेडा यांतला फरक कळत नाही. मी साफ नकार दिला. ती एकटीच गेली. बरे झाले. घरात शांतता आहे. भात पुन्हा करपला.

ता. ८
निश्चय. शुक्रवार-शनिवारची रजा टाकून वरंधच्या डोंगरात कॅम्पिंग करणार, साहेब लोक करतात तसे. हेल्थ सुधारेल. शिवथर वाटेत लागते, त्याला माझा इलाज नाही.

ता. १०
छत्रीवाल्या रऊफने टेंट दिला. संध्याकाळी अंगणात रिहर्सल. खांब एकीकडे, मी एकीकडे. शेजारच्या ठमाबाईने विचारले, लग्न कुणाचे? अडाणी बाई. दोष टेंटचा आहे, पद्धत माझी बरोबर होती.

ता. १२
महिपती फुटला. कचेरीत माझ्या शेजारी बसतो, कालपर्यंत डोंगर पालथे घालणार होता. आज म्हणे आईने शपथ घातली. असले हे पुरुष! एकट्याने जाणे उत्तम. बुंदीचे लाडू घेतले. मला गोड आवडत नाही, सौ.ला आवडते. पण डोंगरात ताकद लागते.

ता. १३, संध्याकाळ
बिरवाडीपर्यंत बैलगाडी, पुढे पायी. इकडच्या पावसाला रीतभात नाही. ओढ्याकाठी टेंट ठोकला. वाऱ्याने उचलून ओढ्यात टाकला. प्रोग्राममध्ये किरकोळ बदल: मुक्काम सासुरवाडीस. सौ.ने डोके पुसायला पंचा दिला आणि कशाला आलात म्हणून विचारले. वरंधला चाललो होतो, असे सांगितले. सासूबाई चुलीकडे तोंड करून हसल्या. माणसांना शिष्टाचार म्हणून नाहीच.

ता. १४, संध्याकाळ
लावणीच्या दिवसांत शेतावर येईल त्याच्या हातात इथे रोपांची मूठ देतात. पाहुणा असला तरी. सकाळी मला दिली. या खेडुतांना एकदा दाखवूनच द्यावे म्हणून दुपारपर्यंत एक अख्खे खाचर एकट्याने लावले. मागे पाहतो तो सौ. माझी रोपे उपटत होती. निम्मी पाण्यावर तरंगत होती, उरलेली इतकी खोल गेलेली की कुजलीच असती. बांधावरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले.

जेवणाच्या वेळी तिला एकटीला गाठले आणि घरी कधी येणार ते विचारले. करमत नाही, हेही सांगितले. सांगून टाकले एकदाचे.

ती हसली नाही. म्हणाली, "मला पन घराची ओढ हाय. पन तुमचं खाचर परत लावायचं हाय. मी लवकर यावं असं वाटत असंल, तर तुमी उद्या सकाळीच जा."

उद्या सकाळी निघतो आहे. गावाच्या शिवेपर्यंत सासरेबुवा स्वतः सोबत येणार आहेत. मी वाटेत कुणाच्या शेतात उतरू नये म्हणून.