कोऱ्या चेहऱ्याचा नियम

दि. ३ जून

ती. मावशीस,
सा. न., आणि उशीर झाला म्हणून दोन्ही कान पकडून.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले, पण कारण ऐकलंस तर रागावणार नाहीस. आमच्या मानसशास्त्र विभागाची ‘विभागवार्ता’ या महिन्यापासून मी लिहिते आहे. दोनच पानं असतात. कुणाला पदवी मिळाली, कुणाचा निबंध छापून आला, वाचनालयात पंखा कधी बसणार, असल्या बातम्या. तो कागद फळ्यावर लागतो आणि जुन्या विद्यार्थ्यांना टपालाने जातो. पंख्याची बातमी मी चारदा लिहून खोडली. ‘लवकरच’ लिहिलं आणि तो आलाच नाही तर? आमचा आकडेशास्त्री, म्हणजे विभागातला थोरला संशोधक, जो स्वतःची सर्दीही टक्क्यांत सांगतो, म्हणाला की तो पंखा तीन वर्षं लवकरच येतो आहे, तू बिनघोर लिही.

पहिल्या पानावरची बातमी मात्र खरंच मोठी आहे आणि ती आमच्याच खोलीतली आहे. वर्षभर मी पासष्टीच्या पुढच्या साठ माणसांना शब्दांच्या जोड्या ऐकवल्या. शिडी आणि लिंबू, कात्री आणि ढग, अशा वीस. नंतर मी पहिला शब्द म्हणायचा, त्यांनी दुसरा आठवायचा. त्याआधी निम्म्यांशी दहा मिनिटं त्यांच्या लहानपणच्या घराबद्दल बोलायचं आणि निम्म्यांशी सकाळच्या वर्तमानपत्राबद्दल. घराबद्दल बोललेल्यांना सरासरी चौदा जोड्या आठवल्या, बाकीच्यांना नऊ! जुन्या घराची आठवण काढली की नवंही नीट लक्षात राहतं, हा आमच्या बाईंचा कयास होता आणि तो खरा निघाला. महिनाअखेरीस बाई मोठ्या परिषदेत तो मांडणार आहेत. तिथे मान्यता मिळाली तर काम आणखी दोन वर्षं चालेल आणि माझी नेमणूकही. नाही तर मी सप्टेंबरात तुझ्या दारात.

बाईंबद्दल किती लिहू? एवढ्या मोठ्या विभागाच्या प्रमुख, पण शिपाईकाकांच्या मुलीचा अर्जसुद्धा स्वतः तपासून देतात. त्यांच्या चेहऱ्यावरून मात्र काही म्हणजे काही कळत नाही. समोरच्याचं उत्तर बरोबर की चूक हे आपल्या चेहऱ्यावर उमटता कामा नये, हा त्यांचा पहिला नियम. भिंत परवडली असं सगळे म्हणतात. मी आरशासमोर उभी राहून महिनाभर कोरा चेहरा शिकले. त्यांची एक जुनी लाकडी खुर्ची आहे, विद्यार्थिदशेपासूनची. कुठल्याही खोलीत गेल्या की ती सोबत नेतात. हलली की ओरडते, पण तेल घालायची कुणाची छाती होत नाही.

आईला सांग, खोकला नाही.
लोभ आहे तसाच राहो, रागावलीस तरी.
तुझी
धसकू


दि. ९ जून

चि. धसकूस,
अ. आ., कान सोडलेस तरी चालेल.

पत्रासोबतची विभागवार्ता मिळाली. तुझ्या आईने ती शेजारीपाजारी इतकी फिरवली की आता घडीवर फाटली आहे. पंख्याची बातमी छान आहे. वाचताना वारा लागला.

चौदा आणि नऊ हे मला कळलं. शिवणाऱ्या बाईला एवढं मोजमाप कळतं. मोठ्या माणसांना घराबद्दल विचारलंस हे फार आवडलं. आम्हाला कुणी विचारत नाही गं.

पण कोरा चेहरा आणि तू? मला हसू आवरेना. लहानपणी तुझी छाती भरायची म्हणून नऊ वर्षांची होईपर्यंत तुझी शाळा माझ्या मशीनपाशीच. शिवणीवरून नजर काढायची सोय नव्हती, म्हणून तू खाली बसून पाढे म्हणायचीस आणि मी वरून नुसतं हं म्हणायची. बरोबर असलं की हं आणि मशीन चालू. चुकलीस की मशीन बंद. तू माझं तोंड कधी पाहिलंच नाहीस, कानाने शिकलीस. पुढे तर बाहुल्यांना शिकवतानाही हं हं करायचीस, अगदी माझ्याच सुरात. आता बाईंच्या हाताखाली सुधारली असशील.

जेवत जा. तुझे बाबा म्हणतात की पत्रात तब्येतीचं एकच वाक्य असतं, त्यावरून त्यांना शंका येते.
माया कळवायची नसते, तरी कळवते.
तुझी
मावशी


दि. १५ जून

ती. मावशीस,
सा. न. वि.

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस.

तुझं पत्र आलं त्या दिवशी हसले. दुसऱ्या दिवशी विभागवार्तेसाठी एखाद्या आजोबांचं चांगलं वाक्य हवं होतं म्हणून ध्वनिफिती ऐकायला बसले. सगळ्या चाचण्या आम्ही रेकॉर्ड करतो, पण उत्तरं तिथल्या तिथे तक्त्यात लिहिलेली असतात, त्यामुळे पुन्हा कुणी ऐकत नाही. पाचव्या मिनिटाला मला तू ऐकू आलीस.

मीच होते. मी शिडी म्हणते, आजोबा चाचपडतात, लिं म्हणून थांबतात. माझ्या घशातून बारीक हं निघतं आणि लिंबू बाहेर येतं. प्रत्येक वेळी. चेहरा भिंतीसारखा ठेवला होता गं, गळ्याकडे लक्षच नव्हतं.

चार दिवस बसून साठही फिती ऐकल्या. घराबद्दल बोललेल्या तिसांच्या वेळी मी दोनशे बारा वेळा हं केलं आहे. वर्तमानपत्रवाल्यांच्या वेळी एकोणीस वेळा. कारण तुला कळेल. दहा मिनिटं कुणी आपल्या आईच्या देव्हाऱ्याबद्दल, भावाच्या मारामारीबद्दल सांगितलं की ते माणूस मला घरचं वाटायला लागतं. दुसऱ्या गटातल्या एक आजी लिं पर्यंत आल्या, मी गप्प, आणि त्यांनी घाबरून शब्द बदलला. त्यांना येत होतं, मावशी.

म्हणजे ते चौदा आणि नऊ जुन्या घराचे नाहीत. निदान किती घराचे आणि किती माझ्या गळ्याचे हे आता सांगता येत नाही. आकडेशास्त्र्याला तेवढं सांगितलं. त्याने आधी दिनदर्शिका पाहिली. मग म्हणाला की फिती कुणी ऐकणार नाही याची शक्यता नव्व्याण्णव टक्के आहे, आणि परिषद बारा दिवसांवर आली आहे. वाईट माणूस नाही तो. माझीच काळजी करत होता.

बाईंचं नाव त्या निबंधावर पहिलं आहे. त्यांनी माझ्यावर विश्वास टाकून एकही फीत तपासली नाही. सांगितलं तर त्यांची मान खाली जाणार आणि माझी नेमणूक संपणार. आणि न सांगता त्यांच्यासमोर रोज उभं कसं राहायचं? मी काय करू ते तू सांग. तू सांगशील तसं करते.

तुझी
धसकू


दि. १८ जून

चि. धसकूस,
अ. आ. नेहमीपेक्षा जास्त.

पत्र एकटीने वाचलं. मशीन बंद करून वाचलं.

तू काय करायचं ते मी सांगणार नाही. तुला काय करायचं आहे ते तुझ्या पत्रातच लिहिलेलं आहे, आणि ते वाचून माझ्या तोंडाशी आलं होतं ते मी गिळलं. यावेळी मी हं म्हणणार नाही. इतकी वर्षं म्हटलं त्याचं काय झालं ते पाहतोच आहोत.

माझ्या धंद्यातलं एवढंच सांगते. शिवण वाकडी गेली हे कपडा आपल्या हातात असताना दिसलं तर उसवता येतं. गिऱ्हाइकाच्या अंगावर चढल्यावर नाही.

सप्टेंबरात आलीस तर खोली झाडलेली असेल. नाही आलीस तरी झाडीनच.
तुझी
मावशी


दि. ५ जुलै

ती. मावशीस,
सा. न., आणि यावेळी वाकून.

तुझं पत्र आलं त्याच सकाळी बाईंकडे गेले. दोन फिती आणि मोजणीचा कागद टेबलावर ठेवला. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, त्यातलं पहिलं वाक्यही आठवेना. नुसतं यंत्र सुरू केलं. बाईंनी दोन्ही फिती अख्ख्या ऐकल्या. चेहरा भिंत. मग विचारलं की मी मोजणी किती वेळा केली. मी म्हटलं, दोनदा. तर म्हणाल्या की तिसऱ्यांदा आकडेशास्त्र्याला करू दे, ज्याने फिती ऐकल्या नाहीत त्याने.

त्याने केली, दोन दिवस फिती कानाला लावून. दोनशे नऊ निघाले. माझ्यापेक्षा तीन कमी निघाले याचाच त्याला जास्त आनंद झाला. बाईंनी परिषदेला पत्र लिहून निबंध मागे घेतला. त्यात माझं नाव चुकीसाठी नाही, चूक शोधली म्हणून घातलं, आणि फिती न तपासण्याचा दोष स्वतःकडे घेतला. मी अडखळत काही म्हणायला गेले तर म्हणाल्या, जे खरं आहे ते लिहिलं आहे, रडायचं असेल तर बाहेर रड, इथे फिती आहेत.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. संध्याकाळी त्यांनी कपाटाच्या तळातून एक खोका काढला. त्यांच्या स्वतःच्या प्रबंधाच्या फिती, तीस वर्षांपूर्वीच्या. त्या प्रबंधावर या विभागाचा निम्मा लौकिक उभा आहे. माझ्यापुढे खोका सरकवून म्हणाल्या की आता माझे मोज.

मावशी, मी आठ दिवस ऐकलं. बाईंचं एकही हं नाही. श्वाससुद्धा सारखा. मला इतका आनंद झाला की उठून सांगायला निघाले होते, तेवढ्यात खुर्ची ऐकू आली. समोरच्याच्या ओठांवर बरोबर उत्तर येऊ लागलं की बाई जरा पुढे झुकत आणि खुर्ची करकरे. चुकलं की खुर्ची गप्प. दर पन्नास बरोबर उत्तरांपैकी एकेचाळीस वेळा.

तसंच जाऊन हे सांगितलं. बाईंनी ते ऐकलं, मग खुर्चीकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या की तीस वर्षं लोक भिंत म्हणतात, एकालाही खुर्ची दिसली नाही. दोन्ही प्रयोग पुन्हा करायचे ठरले आहे, मध्ये पडदा लावून. पैसे मिळतील की नाही ठाऊक नाही. माझी नेमणूक डिसेंबरपर्यंत तरी वाढली, बाईंनी जबाबदारी घेतली म्हणून.

विभागवार्तेचं पहिलं पान मीच लिहावं असं त्यांनी सांगितलं. काल त्यांना वाचून दाखवलं. निबंध का मागे घेतला, हं किती होते, खुर्ची किती वेळा वाजली, जुन्या प्रबंधावर शंका का घ्यावी, सगळं. त्यांचं नाव आणि माझं. एक शब्दही मऊ केला नव्हता. वाचताना मान वर करून पाहायची हिंमत झाली नाही, आणि पाहून उपयोगही नव्हता. चेहरा भिंतच असणार.

शेवटचं वाक्य संपलं. खोलीत काही आवाज नाही. आणि मग खुर्ची करकरली.

मी कागदाची घडी घातली आणि पंख्याची बातमी लिहायला बसले. तुझं मशीन चालू होतं, मावशी.

लोभ मोजायचा नसतो. असू दे तेवढा.
तुझी
धसकू