बारवेवरचे पाणी

चारकोप, कांदिवली

प्रिय संघमित्रा,

सप्रेम जयभीम.

तुझ्या लग्नासाठी त्या कृषी पर्यटन केंद्रावर मी येणार नाही, असे म्हणालो आणि तू चहा तसाच ठेवून निघून गेलीस. तेव्हापासून तुझा फोन नाही. तुझे वडील अनिरुद्ध म्हणतात, बाबा, या वयात हट्ट शोभत नाही. त्यांस मी उत्तर दिले नाही. तुला देतो.

हिवाळ्यात तूच मला तेथे हौसेने नेलेस. फेटा बांधलास, बैलगाडीत बसवलेस. हुरडा उत्तम होता, हे मी तेव्हाही मान्य केले. जात्यावर बसून तू दळलेस आणि ओव्या येईनात म्हणून हिंदी गाणे म्हटलेस. तुझी आजी सोनूबाई असती तर काय म्हणाली असती, या विचाराने मी हसलोही. मग मार्गदर्शकाने जुनी बारव दाखवली. दगडी कमानी, कोरीव देवळ्या, सारे सुरेख. पूर्वी अख्खे गाव या पायऱ्या उतरून पाणी भरीत असे, असे तो म्हणाला. ते गाव आपले नव्हे. परंतु बारव मी ओळखली.

आमच्या गावच्या बारवेच्या पायऱ्या मी कधी उतरलो नाही. आम्ही वर, बाजूला उभे राहत असू. कोणाच्या मनात आले तर तो उंचावरून पाणी ओती. आम्ही वाकून ओंजळ धरीत असू. अनिरुद्ध पोटात असताना तुझी आजी भर उन्हात घागर घेऊन तशीच बसून राहिली आणि रिकामी परतली. त्यानंतर मी तिला मुंबईस आणले.

केंद्रावरच्या नऊवारीतल्या बाईने तांब्या उंच धरला. पाहुण्यास पाणी पाजण्याची जुनी रीत, असे सांगितले गेले. तू पुढे झालीस, वाकलीस, हसत ओंजळ धरलीस. कोपरापर्यंत ओघळ आले. आजोबा, तुम्हीपण या ना, किती थंड आहे बघा, म्हणालीस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ऊन लागल्याचे सांगून गाडीत जाऊन बसलो.

घरात ही गोष्ट मी कधी काढली नाही. मुलांची मान ताठ राहावी, एवढाच हेतू. ती ताठ राहिली, आणि म्हणूनच तू इतक्या सहज वाकलीस. बाळ, दोष तुझा नाही. त्या बाईचाही नाही, ती पगारी. मार्गदर्शकास सांगावे, तर तो हेही एखाद्या फलकावर लिहील आणि लोक त्यापुढे उभे राहून फोटो काढतील.

पत्रिका छापून झाल्या, हे मला ठाऊक आहे. जागा बदल, असे मी म्हणत नाही. मी येईन. मागच्या रांगेत बसेन. पिण्याचे पाणी घरून बाटलीत भरून आणीन. कोणी विचारले तर आजोबांना पथ्य आहे, असे सांग. दारात पाहुण्यांच्या ओंजळीत पाणी ओतायचे तुम्ही ठरवले आहे, तेही होऊ दे. फक्त त्या दिवशी तू पेल्याने पी. कोणाच्या ध्यानातही येणार नाही. मला दिसेल.

तुझाच आजोबा,
कुंडलिक